शून्य म्हणायचं नसतं

ऑर्व्हिल पेट्रीशिन गेला, तेव्हा त्याच्या मुलीने, मार्लीनने, शेजारच्या डेलबर्टला फोन केला. "काका, बाबांच्या सगळ्यात जवळचे तुम्हीच. त्यांच्या फेसबुकवर चार ओळी लिहा ना."

डेलबर्ट पेचात पडला. दोघांनी अर्धं आयुष्य गावच्या आइस हॉकीच्या रिंकवर, प्रेक्षकांच्या एकाच बाकावर काढलेलं. पण बायको गेल्यावर ऑर्व्हिल कधी रडला का, हेही त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एकच वाक्य. दर ऑक्टोबरात, पहिला बर्फ पडायच्या आधी, ऑर्व्हिल म्हणायचा, "डेल, यंदा कप आपलाच!"

एल्क पोर्टेज गावाच्या ऑटर्स या हॉकी संघाने कप शेवटचा कधी जिंकला, हे सांगू शकणारी मंडळी आता चर्चमागच्या दफनभूमीत सुखाने झोपली होती. त्यांची सुटका झाली. ऑर्व्हिलची आशा मात्र संपता संपत नव्हती.

एकट्या बापाला सोबत हवी, म्हणून दूर हॅलिफॅक्स शहरातल्या आपल्या घरी परतण्याआधी मार्लीनने त्याला फेसबुकवर खातं काढून दिलं. सोबत भोगली गावाने. विकायला काढलेल्या ट्रॅक्टरखाली, बारशाच्या फोटोखाली, सगळीकडे साहेब हजर. डॅल्गेटीबाईंनी नवरा वारल्याचं कळवलं, त्याखाली याने लिहिलं, 'फार वाईट झालं. पण यंदा कप आपलाच.'

आणि खातं काढलं त्याच वर्षी ऑटर्स खरोखरच अंतिम सामन्यात पोहोचले. आपल्या गोलरक्षकाने एकही गोल खाल्लेला नसला, की तसं तोंडाने म्हणायचं नाही, हा तिथला नियम. पाळण्यातल्या पोरांनाही तो माहीत. शेवटचं सत्र सुरू, ऑटर्स दोन गोलांनी पुढे, सगळं गाव दातखीळ बसल्यासारखं गप्प. ऑर्व्हिलही गप्पच होता. फक्त त्याचा अंगठा चालला होता.

क्षणात बाकांवरचे फोन एकामागून एक किणकिणले. 'आपल्या पोराने अजून एकही गोल खाल्ला नाही! कप आला!!' सोबत कॉफीच्या थर्मासचा फोटो.

"मूर्खा, काय केलंस!" मागच्या रांगेतून हार्डवेअरवाला बॉइड ओरडला.

"मी बोललो कुठे? लिहिलं फक्त!"

दैवाला म्हणे वाचताही येतं. ऑटर्सनी तीन गोल खाल्ले. मग काय, झोपा काढणारी बचावफळी सुटली, गोलरक्षकाचा दुखरा गुडघा सुटला, पंचसुद्धा सुटला; फासावर गेला तो ऑर्व्हिल. फेसबुकवरच्या चाहत्यांच्या गटातून त्याला काढून टाकलं. बॉइड त्याला खिळे देताना छताकडे बघायचा.

या टोमण्यांचं ऑर्व्हिलला फारसं काही वाटलं नसतं. पण पठ्ठ्याने ते खरं मानलं. ऑक्टोबर आला, बर्फ पडला, तरी तो ते वाक्य बोलला नाही. पहिल्या सामन्याला डेलबर्टने दार वाजवलं, तर हा घरच्या चपलांत.

"तू जा, डेल. मी आलो तर पोरं हरतील."

"अरे, चल ना."

"नको. संघासाठी एवढं तरी करतो."

डेलबर्टला समजूत घालणं कधी जमलं नव्हतं. उंबऱ्यावर उभा राहून त्याने जरा विचार केला. "गेल्या शनिवारी सराव सामना झाला. तू नव्हतास."

"मग?"

"सात-एक. हरले."

"सात?" ऑर्व्हिलचे डोळे चमकले. "मी नसताना? सात?"

"बॉइडही होता. तोंडाला कुलूप लावून बसला होता."

"म्हणजे ते आपल्या गुणांनीच हरतात!" स्वतःच्या संघाच्या सत्यानाशावर एवढा खूष झालेला माणूस कॅनडात दुसरा झाला नसेल. त्याने बूट चढवले, टोपी उलटी घातली, सुलट केली. "डेल, यंदा कप आपलाच!"

त्या संध्याकाळीही ऑटर्स हरलेच. ऑर्व्हिल घसा बसेपर्यंत ओरडला. फोन त्याने घरी ठेवला होता, देवाची कृपा. दोघं रस्त्यावरचा बर्फ तुडवत परतले. फाटकाशी डेलबर्टच्या लक्षात आलं.

"ऑर्व्हिल, तुझा थर्मास माझ्याकडे राहिला."

"असू दे. शनिवारी भरून आण. साखर जरा जास्त घाल."

"बरं."