सुरयांचा सूड

बाजारपेठेतली चष्मेवाली सुट्टीच्या दिवशी कुणाच्या हाती लागत नसे. ती किनाऱ्यावर असायची. थंडीत चिखलावर तुताऱ्या, लांब चोचीचे चिमुकले पक्षी, उतरायच्या, ऊन तापू लागलं की समुद्रपक्षी कुरव माघारी निघायचे आणि भर उन्हाळ्यात वाळूच्या दांड्यावर सुरय अंडी घालायचे. काळ्या टोपीचे, मुठीएवढे पांढरे पक्षी. हे वेड मूळचं नवऱ्याचं. तो गेला आणि दुर्बीण तिच्या गळ्यात आली. सुरयांचा दांडा नेमका कुठे, हे आता ती एकटीच जाणत होती.

धाकट्या दिराला फोटोंचा नाद लागला, तसा त्याने तिच्यामागे लकडा लावला.

"वहिनी, मी काय परका आहे?"

परका नव्हताच. तिने जागा सांगितली.

तो मित्रांचा घोळका घेऊन ऐन दुपारी तिथे गेला. पक्षी उडतानाचे फोटो हवे होते, म्हणून त्यांना अंड्यांवर बसूच दिलं नाही. संध्याकाळी ती पोचली तेव्हा वाळूत गाडीच्या चाकोऱ्या होत्या आणि अंडी हाताला चटका बसेल इतकी तापलेली. वर सुरय अजून ओरडत होते.

फोटोला बक्षीस मिळालं. तिने जाब विचारला तर दीर हसला. "पक्षीच आहेत हो, वहिनी. पुन्हा घालतील."

पुढे ती एक शब्द बोलली नाही. सासूबाईंना वाटलं, सून समजूतदार. समजूतदार कसली! पावसाळाभर दुकानात काचा घासताना ती मनातल्या मनात दिरालाच घासून काढत होती.

हिवाळ्यात लालभडक चोचीच्या कालवफोड्या पक्ष्यांचा थवा आला. बातमी कानावर पडताच दीर दुकानात हजर.

"कुठे दिसतील, वहिनी?"

"खाडीच्या तोंडाशी. ओहोटीला जा. फोटो हवा तर अगदी जवळ जावं लागेल."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. तिथला चिखल माणसाला आत ओढतो, एवढंच तिने सांगितलं नाही.

त्या सकाळी ती आधीच पोचली. एक लांब फळी झुडपात ठेवली आणि बांधावर थर्मास उघडून बसली. दीर आला, पक्ष्यांकडे बघत पुढे सरकला, गुडघ्यापर्यंत रुतला. पाय उपसायला गेला आणि मांड्यांपर्यंत गेला. पक्षी उडाले. हळूहळू पाणी चढू लागलं. तो ओरडू लागला. दुर्बिणीतून त्याचे थरथरणारे ओठसुद्धा दिसत होते. तिने उरलेला चहा सावकाश संपवला.

पाणी छातीला लागलं तेव्हा ती फळी घेऊन उतरली.

"वहिनी! देवासारख्या आलात!"

"दोन्ही हातांनी धरा."

"आणि कॅमेरा?"

"कॅमेरा धरायचा असेल तर तो धरा. मी फळी परत नेते."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि कॅमेरा सोडून दिला.

नंतर मात्र भलतंच झालं. वहिनींनी जीव वाचवला, असं दीर गावभर सांगत सुटला. दुकानात फळांची टोपली घेऊन आला, गिऱ्हाइकांसमोर पाया पडला. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं करून याला काहीच कळलं नव्हतं!

गिऱ्हाईक गेल्यावर ती म्हणाली, "चिखल आहे हे मला ठाऊक होतं, भाऊजी. फळी मी सकाळीच आणून ठेवली होती."

तो हसला. तिचा चेहरा पाहून हसू अर्ध्यावरच थांबलं.

"का?"

"अंडी हातात घेऊन बसले होते मी त्या संध्याकाळी."

तो टोपली तिथेच ठेवून निघून गेला. त्यानंतर त्याने कधी दुकानाची पायरी चढली नाही, आणि घरात तिच्यासमोर बसायचं तर दाराजवळची खुर्ची धरू लागला. सासूबाई विचारत राहिल्या, तुमचं बिनसलं तरी काय.

उन्हाळ्यात त्या दांड्यावर सुरय आले नाहीत. ती रोज जाऊन बघत राहिली. केल्याचा पस्तावा तिला झाला नाही, पण समाधानही पुरतं झालं नाही. टोपलीतली फळं मात्र तिने खाल्ली. चांगली गोड होती.