डावीकडची गरम हवा

इस्माईलचं पहिलं मीटर म्हणजे त्याच्या हाताची पाठ. गाडी कुणाचीही असो, तो आधी एसीच्या जाळीसमोर उलटा हात धरायचा, डोळे मिटायचा आणि मगच बोनेट उघडायचा. बाप बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचा. थंडीची पारख पोराला तिथंच आली. आधी फ्रिज, मग कूलर, आणि जालन्यात गाड्या वाढल्या तसा गाड्यांचा एसी. नवीन जालन्यात स्टेशनच्या अलीकडं पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं दुकान होतं. उन्हाळ्यात तिथं पाय ठेवायला जागा नसायची. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. तेवढी सवडच कधी मिळाली नव्हती.

त्या वर्षी ऐन मे महिन्यात राजूरची दैवशाला आली. गणपतीच्या देवळाजवळ तिचं नारळ-हारांचं दुकान. पांढरी गाडी स्वतः चालवत आली होती आणि घामानं निथळत होती.

"इस्माईलभाई, एसी गरम हवा फेकून राह्यला. आमच्याकडं एकानं गॅस भरून दिला, तरी फरक न्हाई."

इस्माईलनं जाळीसमोर हात धरला. उजवीकडून थंड, डावीकडून गरम. गॅस कमी पडला की कधी कधी असं होतं, म्हणून त्यानं मीटर लावलं. दोन्ही काटे जागेवर. कॉम्प्रेसर टक्‌ करून धरत होता, पंखा फिरत होता, बोनेटखालची नळी तर इतकी गार की तिच्यावर दव धरलेलं.

"गॅस बिलकुल बराबर आहे, ताई. मंग झडपच असणार."

डॅशबोर्डच्या पोटात एक झडप असते. बटण निळ्याकडं फिरवलं की ती हिटरची वाट बंद करते, लालकडं फिरवलं की उघडते. इस्माईलनं डावीकडचा कप्पा उतरवला. झडपेची केबल क्लिपमधून निसटली होती. त्यानं नवी क्लिप बसवली, वरून तारेचा वेढा दिला. हवा झकास गार झाली. दैवशाला खूश होऊन गेली.

चार दिवसांत परत हजर.

"गावात बर्फासारखी येती. राजूरच्या रोडला लागलं की गरम."

त्यानं कप्पा उतरवला आणि बघतच राहिला. क्लिप जागेवर, तार जागेवर, बटण निळ्यावर. आणि झडप मात्र पुरती हिटरकडं वळलेली.

"चला, चालवूनच बघू," तो म्हणाला आणि पुढच्या डाव्या दाराला हात घातला.

"तुम्ही मागं बसता का?" दैवशाला घाईनं म्हणाली.

त्याला जरा नवल वाटलं, पण तो मागं बसला.

भर दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन्हीकडं नांगरलेली काळी रानं उन्हात वाफाळत होती. इस्माईल दोन सीटांच्या मधून वाकला आणि डाव्या जाळीसमोर हात धरून राहिला. गार. गार. मग कोमट. मग गरम.

हिटरची हवा त्याला माहीत होती, ती कोरडी असते. ही ओलसर होती. आणि सलग येत नव्हती. यायची, थांबायची. यायची, थांबायची. त्याच्या मनगटावरचे केस उभे राहिले.

"गाडी बाजूला घ्या, ताई."

लिंबाखाली गाडी थांबली. इंजिन चालूच होतं. त्यानं सीटांमधून आणखी पुढं सरकून कप्प्याच्या फटीतून आत बोटं घातली आणि झडपेची दांडी गारव्याकडं ढकलली. दांडी सरकली, आणि हळूच परत आली. लोखंड अडकलं की हाताला कळतं; हे तसं नव्हतं. पलीकडून कुणीतरी बोट लावून धरलं होतं. तेही जोरानं नव्हे, अशक्त माणसाच्या ताकदीनं.

त्यानं झटक्यात हात मागं घेतला.

"इथं कोण बसायचं, ताई?"

दैवशाला समोरच्या काचेकडं बघत राहिली.

"आमचे हे. भागवत. डायलिसिसला जालन्याला आणायचे मी त्यांला. परत जाताना या रोडला लागलं की कुडकुडायचे. मे महिन्यात बी म्हणायचे, एसी बंद कर, लई थंडी वाजून राह्यली. मी बंद करायची. घामानं भिजून गाडी चालवायची. दिवाळीनंतर गेले ते. औंदा पहिल्यांदाच लावला मी एसी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"वाटत होतं. म्हणूनच तर तुमच्याकडं आले. म्हणलं, मशीनचा फॉल्ट निघाला तर बरं."

ती उतरली, मागच्या डिकीतून तपकिरी शाल काढून आणली आणि डावं दार उघडलं. तिनं रिकाम्या सीटवर शाल पांघरली. बसलेल्या माणसाला पांघरावी तशी, खांद्यावरून पुढं ओढून, कडा आत खोचून.

"बसा आता गुमान," ती हळू आवाजात म्हणाली. "मला बी जरा हवा घेऊ द्या."

शाल मोकळी होती, आत काही नव्हतं. तरी ती खाली ढासळली नाही. खांद्यांच्या जागी गोलसर उभी राहिली. डॅशबोर्डच्या पोटात दांडी आपली आपण सरकल्याचा आवाज झाला, आणि दोन्ही जाळ्यांतून गार हवा यायला लागली.

"मी इथंच उतरतो, ताई," इस्माईल म्हणाला.

"अहो, उन्हात?"

"उन्हातच."

तो लिंबाखाली उभा राहिला आणि मिळाली त्या काळी-पिवळी जीपनं जालन्याला आला. घरी बायकोनं, रहिमाबीनं विचारलं, "इतने जल्दी कैसे आए?" तो म्हणाला, "केबल का फॉल्ट था," आणि अंगणात ऊन होतं तिथं खाट टाकून बसला.

दैवशालाचा एसी तेव्हापासून बिघडलेला नाही. उन्हाळा लागायच्या आधी ती गाडी तपासायला आणते. सगळं काम इस्माईल स्वतः करतो, उजव्या बाजूनं. डावं दार तो उघडत नाही. निघताना ती काच खाली करून म्हणते, "आता जमतंय आमचं दोघांचं." इस्माईल सवयीनं मान डोलावतो, आणि डाव्या काचेवर आतून धरलेल्या वाफेकडं बघायचं टाळतो.