माझं एकतीस दिवसांचं गरोदरपण

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी एकतीस दिवस गरोदर होते. पोटात काही नव्हतं, एवढी बारीक गोष्ट सोडली तर बाकी सगळं अगदी व्यवस्थित चाललं होतं.

त्याच वेळी आमची सून कविताही गरोदर होती. (तिच्या पोटात मात्र खरोखर कोणीतरी होतं. ते कोणीतरी आता आठवीत आहे आणि मला मोबाइल शिकवताना माझ्यावर ओरडतं.) दिवस मिरची तोडणीचे. रनाळ्याच्या शेतात दहा मजूर, घरी सासूबाई, म्हणजे आमच्या जिजी, वय बहात्तर, आणि मी. कविताला सहावा लागला होता. संध्याकाळी पाय लांब करून ती सांगायची, "आई, छातीत धडधडतं. उगाचच रडू येतं. एकदम गरम होतं."

मी हातातलं निवडण खाली ठेवलं. मलाही धडधडत होतं. मलाही रडू येत होतं. आदल्या दिवशी तर म्हशीनं माझ्याकडे बघितलं म्हणून आलं होतं. डिसेंबरात अंगावर शाल असताना कानापर्यंत वाफ चढायची. ती मी वाळत घातलेल्या मिरचीच्या नावावर खपवत होते. आणि पाळी? तारीख उलटून गेली तरी नाही. माझी मुळातच हुशारी मोठी, त्यामुळे चारही गोष्टी मी एका दमात जोडल्या.

आमचे हे शेतातून आल्यावर त्यांना सांगितलं. त्यांनी पाण्याचा तांब्या अर्धा पिऊन ठेवला, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, चार दिवस तोरणमाळला जाऊन येतो. मी म्हटलं, जा की, पण परत आल्यावरही मी इथंच असणार आहे आणि आणखी जाड झालेली असणार आहे. मग ते एवढंच बोलले, "कोनले सांगू नको."

सांगू नको म्हणणं सोपं. आमच्या घरात पाळीचे चार दिवस बाई मागच्या पडवीत बाजूला बसते. चुलीला हात नाही, देवाला नाही. म्हणजे कोण कधी बसलं आणि कोण बसलं नाही, हे अख्ख्या घराला माहीत! जिजींचं तर या बाबतीत रेशन दुकानदारापेक्षा बारीक लक्ष. त्यांना संशय येण्याआधी मी मंगळवारी सकाळी सरळ पडवीत जाऊन बसले. खोटं खोटं.

आणि सांगते, फार सुख लागलं. चार दिवस गादीवर लोळून मी शेंगा फोडल्या. आत बहात्तर वर्षांच्या जिजी दहा मजुरांच्या भाकरी थापत होत्या. मला वाईट वाटत होतं. (अधूनमधून.)

पुढच्या आठवड्यात लोणखेड्याहून व्याह्यांचा निरोप आला. डोहाळे जेवणाचा दिवस ठरला, मंगळवार. जिजींनी बोटांची पेरं मोजली, पुन्हा मोजली आणि मला हाक मारली.

"सरिता, मांगे तू मंगळवारले बठनी व्हती. चार आठवडा धर. डोहाळास्ना दिन तुन्हा पहिला दिन शे. वटी कोन भरी?"

म्हणजे ऐन डोहाळ्यांच्या दिवशी मी पडवीत! पहिल्या सुनेची पहिली ओटी! त्यासाठी मी हिरवी पैठणी घेऊन ठेवली होती, कवितालाही न दाखवता. एखादा दिवस पुढेमागे होईल, असं मी म्हणाले, तर जिजी म्हणाल्या, तुझं कधी झालंय पुढेमागे? मग त्यांनी परस्पर ठरवून टाकलं, की ओटी माझी चुलत जाऊ विमल भरेल. विमल! जिनं माझ्या लग्नातल्या पातळ वरणाची गोष्ट पंचवीस वर्षं पुरवून वापरली!

आता माझ्यापुढे दोनच रस्ते. पडवीत बसून विमलला ओटी भरताना बघायचं, नाहीतर भर मांडवात जाहीर करायचं की पाळीचा प्रश्नच नाही, कारण सुनेबरोबर सासूचेही डोहाळे आहेत.

शेवटी कविताच्या तपासणीला सोबत म्हणून नंदुरबारला गेले. तिची तपासणी झाल्यावर तिला बाहेर बसवलं आणि डॉक्टरीणबाईंना हळूच सगळं सांगितलं. त्यांनी लघवी तपासली, मलाही तपासलं, मग खुर्चीला टेकून निवांत हसल्या.

"काकू, मूल नाही. पाळी जायची वेळ आलीय."

मग धडधड कशाची, मी विचारलं. रडू कशाचं? त्यांनी सांगितलं, की अंडाशय काही नुसते मुलांसाठी नसतात. त्यांच्यातलं इस्ट्रोजेन रक्तातून सगळीकडे फिरत असतं, मेंदूत, हृदयात, कातडीत, हाडांत. ते कमी पडायला लागलं की मेंदू अंडाशयांना निरोपावर निरोप धाडतो. तिकडून उत्तर येत नाही. उष्णता सांभाळणारा मेंदूतला भाग गोंधळतो, थंडीतही त्याला वाटतं अंग तापलंय, मग तो घाम काढत सुटतो. झोप बिघडते, मन बिघडतं. हाडांकडे लक्ष द्या म्हणाल्या, दूध घ्या, चाला. पाळी मध्येच एखादवेळी येईलही, घाबरू नका.

मी सत्तेचाळीस वर्षं समजत होते की पोटाखालचं खातं वेगळं आणि डोक्याचं खातं वेगळं. ही सगळी मंडळी आतून बोलत होती आणि मला कोणी विचारतही नव्हतं!

मूल नव्हतं, पण मंगळवार होताच. ओटी भरायची तर मागची बसणी खोटी होती, हे कबूल करावं लागणार. डोहाळे जेवणाच्या आदल्या दिवशी जिजी लसूण सोलत होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. पडवी, शेंगा, डॉक्टरीणबाई, सगळं. त्यांच्या भाकऱ्यांचं सांगताना आवाज जरा खाली घेतला.

जिजींनी पाकळी सोलून संपवली. मग शांतपणे म्हणाल्या, "मन्ही पाळी गयी, तधळ मी बी असंच करेल शे."

मी विचारलं, चार दिवस?

"दोन वरीस."

दोन वर्षं! दर महिन्याला चार दिवस! तेव्हा मी नवी सून होते. जिजी पडवीत बसल्या की अख्ख्या घराच्या भाकरी मी थापायचे आणि वर मायेनं विचारायचे, जिजी, फार दुखतंय का?

दुसऱ्या दिवशी पैठणी नेसून ओटी मीच भरली. विमल बघत राहिली. पण माझं तिच्याकडे लक्षच नव्हतं. मी मनात हिशेब करत होते, की मला हे आदल्या दिवशी कबूल करायची एवढी घाई का झाली? अजून निदान दीड-दोन वर्षं मला आरामात बसता आलं असतं.