छोट्या पुलापाशी ओढणारी पिकअप

मंगळवार, अकरा नोव्हेंबर, सकाळी दहा. हजर: मी, माझा धाकटा भाऊ, शाहूपुरीतल्या गॅरेजचे मिस्त्री आणि आमची पांढरी पिकअप. गैरहजर: गाडीचा जुना मालक. ही शेवटची नोंद मी वहीत संध्याकाळी घातली.

कसबा बावड्यात माझी भाजीच्या रोपांची नर्सरी आहे. आठवड्यातून तीन खेपा गारगोटीकडे जातात. गाडी भाऊ चालवतो. गारगोटीच्या अलीकडे ओढ्यावर एक छोटा पूल आहे. तिथे गाडी आपोआप डाव्या कठड्याकडे जाते, असं तो दिवाळीआधीपासून सांगत होता. मी हसण्यावारी नेलं. मग एक दिवस त्याने किल्ली माझ्यासमोर ठेवली. "आक्का, दुसरा ड्रायव्हर बघ. मला दोन पोरी हायत."

एवढ्या चांगल्या माणसाला मी असा जाऊ देणार नव्हते. यादी केली. एक, स्प्रिंगचे बसलेले पाटे काढून जास्त कमानीचे नवे घालणे, म्हणजे गाडी उचलली जाईल. दोन, चाकांचं अलाइनमेंट. तीन, त्याच पुलावरून जाऊन येणे. चार, भावाची भीती घालवणे. पहिली तीन झाली की चौथं आपसूक होईल, असं मी धरून चालले होते.

मिस्त्रींनी गाडी स्टँडवर घेतली आणि मागचे पाटे उतरवून फरशीवर शेजारी शेजारी मांडले. उजवा गंजून काळा पडलेला. डावा त्या मानाने नवा, दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा. मिस्त्री विजेरी घेऊन गाडीखाली गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"वैनी, ही गाडी पडलेली हाय. डाव्या कुशीवर. चॅसीला आतनं पट्टी मारलीया."

"घेताना मालक म्हणाला होता, ओरखडासुद्धा नाही."

"म्हस इकताना लाथ मारती म्हणून कोण सांगतंय व्हय?"

भाऊ माझ्याकडे बघत होता. मी वहीत बघितलं.

दुपारपर्यंत चारी पाटे बसले. गाडी चांगली चार बोटं उचलली. मशीनवर चढवली, टो आणि कॅम्बर हे चाकांचे कोन जुळवले, पडद्यावरचे सगळे आकडे हिरवे झाले. मिस्त्रींनी चारी चाकांखाली लिंबं ठेवली. लिंबं माझ्या यादीत नव्हती.

"जुनं पाटं न्या. लोहाराकडं दिलं तर विळं चांगलं हुतील," ते म्हणाले.

"उजव्याचं द्या," भाऊ म्हणाला. "डावं नको आमच्या घरात."

मी स्वतः चालवायला बसले. भाऊ शेजारी, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. स्वच्छ ऊन होतं. स्टिअरिंग नुसतं बोटांनी धरलं तरी गाडी सरळ जात होती. मी एकदा त्याच्याकडे बघून भुवया उडवल्या. तो समोर बघत राहिला. वळण संपून पूल दिसला तेव्हा एवढंच म्हणाला, "आता."

स्टिअरिंग माझ्या तळव्यांखाली फिरलं. झटका नाही, धक्का नाही. रोजची गल्ली आली की आपण जसे न बघता आत वळतो, तसं सावकाश, डावीकडे. मी ते ओढून सरळ केलं आणि पूल ओलांडला.

"रस्त्याला कडेकडे उतार असतो," मी म्हणाले. "पाणी जायला."

"व्हय की. मग येताना बी डावीकडंच वडाय पायजे."

मला ते पटलं. पुढे जाऊन गाडी वळवली. परत येताना तो कठडा आमच्या उजव्या हाताला होता. पुलावर आलो आणि स्टिअरिंग उजवीकडे फिरलं. गाडी अख्खा रस्ता ओलांडून त्याच कठड्याकडे निघाली. समोरून कुणी येत नव्हतं, हे नशीब. मी ब्रेक दाबला, मग पुलापलीकडे जाऊन गाडी कडेला घेतली आणि चालत मागे आले.

कठडा जुन्या दगडाचा होता. मधला पाचेक हात तुकडा तेवढा नव्या सिमेंटचा. त्याच्या लगतच्या दगडावर पांढऱ्या रंगाचा ओरखडा होता. पांढऱ्या पिकअप निम्म्या जिल्ह्यात असतील. सिमेंटवर झेंडूचा हार होता. फुलं ओली होती. खाली ओढ्यात गुडघाभर पाणी, दोन्ही बाजूंना ऊस, माणूस कुठेच नाही.

भाऊ गाडीतून उतरला नव्हता. "हार कुणाचा रे?" गाडीपाशी परत येऊन मी विचारलं.

"मला काय ठावं. मंगळवारी ताजा असतोय."

परत शाहूपुरीत येऊन गाडी पुन्हा मशीनवर चढवली. सगळं हिरवं. मिस्त्रींनी नटबोल्ट एकेक हाताने तपासले आणि उठले. "मशीन चाकं मापतंय, वैनी. बाकीचं जुन्या मालकाला इचारा."

भाऊ सध्या लांबच्या रस्त्याने जातो. मंगळवारी जात नाही. खेपेला तासभर जास्त लागतो, पण किल्ली त्याच्याकडे आहे. जुन्या मालकाचा नंबर विक्रीच्या कागदावर आहे. विचारायचं एकच आहे, गाडीत कोण होतं. कुणी गेलं असेल तर ते मला भावाला सांगावं लागेल, आणि तो त्याच दिवशी किल्ली ठेवेल. मग गाडी विकावी लागेल. घेणारा मला विचारेल, गाडी कुठं लागलीय का. मी काय सांगणार, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

उजव्या पाट्याचे विळे होऊन आलेत, चांगले चालतात. यादीतल्या पहिल्या तीन कामांपुढे खूण केली आहे. चौथ्यापुढे नाही. पाचवं मी त्याच संध्याकाळी लिहिलं: जुन्या मालकाला फोन. त्यापुढेही खूण नाही. आज तिसरा मंगळवार.