पितळी काडीची माशी

धारच्या काकूंनी मला सांभाळून घेतलं, हे आधी लिहितो. काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. त्या निवृत्त शिक्षिका. त्यांचं घराणं महाराष्ट्रातून धारला आलं त्याला किती पिढ्या झाल्या, हे त्यांनाही मोजून सांगता येत नाही. मी सांगलीकडचा, आठवीत शाळा सोडून लेथवर उभा राहिलेला. देवासला एक कारखाना बंद पडला, दुसऱ्याने कामावरून कमी केलं, तेव्हा बंदूकदुरुस्तीच्या दुकानात लागलो. तिथे तीन महिने झाले होते आणि मालकाने स्पष्ट सांगितलं होतं, "भिया, ये काम जमा तो साइट का सारा काम तेरा. नहीं जमा तो राम-राम."

साइट म्हणजे बंदुकीवरची नेम धरायची सोय. ते काम काकूंच्या बंदुकीचं होतं. यजमानांच्या पश्चात परवाना त्यांच्या नावावर झालेला. जुनी दुनाळी, बारा बोरची. अमझेऱ्याजवळ त्यांचं शेत आहे. तिथला हरभरा रोजडे, म्हणजे नीलगाई, रात्रीत लोळवून जात. दोन नर मारायची रीतसर परवानगी मिळाली होती, पण थोड्या दिवसांची.

"छर्रा मारून जनावर जखमी सोडायचं नाही मला," काकू दुकानात म्हणाल्या. "एक गोळी, एक जनावर. त्याला नेम हवा."

छऱ्याच्या बंदुकीला नेमाला असते काय, तर नळीच्या टोकावर एक मणी. त्याला माशी म्हणतात. उडत्या पाखराला तेवढी पुरते, एका गोळीला पुरत नाही. मालकाने लाल ठिपक्याची, सेलवर चालणारी दुर्बीण काढली. काकूंनी ती डोळ्याला लावली आणि परत ठेवली.

"सेल संपला तर रोजडा थांबणार आहे का?"

मग ठरलं ते साधं. मागे खाचेची छोटी पट्टी आणि पुढे जुन्या माशीच्या जागी थोडी उंच माशी. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, लांबचं लख्ख दिसे आणि जवळचं पुसट. म्हणून मी मागची पट्टी डोळ्यापासून चांगली वीतभर पुढे सरकवली. खाच एकदम स्वच्छ दिसली तशी त्या म्हणाल्या, "वा रे पठ्ठे!" देवासला येऊन मला कोणी मराठीत शाबासकी दिली नव्हती. मी उगीचच कानस पुसत बसलो.

नेम जुळवायचा तर ज्याचा डोळा त्याच्यासमोरच. मालकाचे गुडघे धरलेले, म्हणून मला एकट्यालाच शेतावर पाठवलं. बसने निघालो. बॅगेत कानशी, आटे पाडायची डाय आणि दुकानाचं पत्र. पत्र दर दहा मिनिटांनी चाचपत होतो.

विहिरीच्या मातीच्या ढिगाला फळी टेकवून तिच्यावर जुन्या कॅलेंडरची पाठ लावली आणि मध्ये कोळशाचा गोल काढला. तीस पावलं मोजली. काकूंकडे गोळीची दहा काडतुसं होती. बंदूक त्यांनीच चालवायची, मी फक्त बघायचं आणि सुधारायचं.

पहिली गोळी गोलाच्या चार बोटं वर लागली.

आता टर्नरचा, म्हणजे लेथवाल्याचा, हात कसा असतो बघा. काही वर आलेलं दिसलं की घासायचं. वीस वर्षं तेच केलेलं. मी माशी घासली.

दुसरी गोळी वीतभर वर. मनात म्हटलं, कमी घासली. पुन्हा घासली. तिसऱ्या गोळीला कागदावर भोकच नाही, ढिगाच्या शेंड्यावरची माती उडाली.

काकूंचा हाळी, म्हणजे शेतगडी, बांधावर बिडी ओढत बसला होता. तो म्हणाला, "भिया, अब चिड़ियों को खबर कर दो, हट जाएँ."

"थांब रे," काकूंनी बंदूक उघडून काडतुसं काढली. "घासतोयस कशाला?"

"वर लागतीय न्हवं, काकू."

त्यांनी काडी घेतली आणि जमिनीवर रेघ ओढली. वर्गात फळ्यावर ओढावी तशी. "ही माझी नजर. ही माशी. माशी ठेंगणी झाली तर ती खाचेत दिसायला मी नळीचं तोंड काय करीन?"

मी बघत राहिलो. मग रेघेवरून बोट वर नेलं. "वर उचलाल."

"म्हणजे गोळी?"

"आणखी वर."

घासलेलं पितळ परत येत नाही. दुसरी माशी देवासला. परवानगीचा उद्याचा शेवटचा दिवस. मी म्हणालो, "काकू, मालकाला सांगू नका. माझी नोकरी जाईल."

"मी नाहीच सांगणार, तू सांगशील. फोन लाव. आधी सांगणं, मग सुधारणं."

फोन लावला. मालकाने सगळं ऐकलं. आणि तो मोठ्याने हसला. "मैंने तो अपने उस्ताद की तीन घिसी थीं! अब नयी बना के ही आना, नहीं तो उधर ही चने की रखवाली करना."

बनवायची कशाची? काकू शेतावरच्या खोपीतल्या देवाच्या कोनाड्याशी गेल्या आणि गंध लावायची पितळी काडी घेऊन आल्या. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळची. मुठीकडचं टोक चांगलं जाड.

"देवाची आहे, काकू."

"देव बोटानेही गंध लावून घेतो. काप."

खोपीत यजमानांचं ड्रिल मशीन होतं. काडी त्यात धरली, मशीन गुडघ्यांत दाबलं, हाळ्याने बटण दाबलं आणि फिरत्या पितळाला मी कानस टेकवली. लेथ नव्हता, पण हाताला ओळख पटली. गोल डोकं उतरलं, डायने आटे पाडले. माशी मुद्दाम उंच ठेवली.

चौथी गोळी खाली लागली, वीतभर.

"आता?" काकूंनी शाळेतल्या बाईंच्या आवाजात विचारलं.

"खाली लागली की घासायची."

"पुन्हा म्हण."

म्हटलं. पाच हात मारले, थांबलो. पाचवी गोळी दोन बोटं खाली. आणखी तीन हात, अगदी हलके. सहावी कोळशाच्या गोलात. सातवी तिच्या शेजारी. हाळ्याने बिडी फेकली आणि कागद डोक्यावर धरून बांधभर नाचला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना कळप हरभऱ्यात उतरला. काकूंनी बराच वेळ नेम धरला. एकच आवाज. मोठा नर जागीच बसला, बाकीचे नाल्यापलीकडे गेले. तडफड नाही. काकूंनी बंदूक रिकामी केली, हात जोडले आणि म्हणाल्या, "दुसरा नको. हे परत यायचे नाहीत. वनखात्याला फोन कर."

दुकानात आता साइटचं काम माझ्याकडे आहे. घासण्याआधी मी अजूनही जमिनीवर रेघ ओढतो, गिऱ्हाईक हसलं तरी.

काडीचा उरलेला तुकडा काकूंनी परत कोनाड्यात ठेवला. परवा फोनवर विचारलं, तर म्हणाल्या, "बोटानेच लावतेय, काही अडत नाही." मला अडतं. पितळेचा गज आणून दोन काड्या उतरवून झाल्या. एकीचा तोल चुकला, दुसरीची मूठ मनासारखी नाही. पण जुन्या काडीसारखी, सासऱ्यांच्या हाताला बसायची तशीच, एक काडी मी करणार आहे. आणि ती पोस्टाने नाही पाठवायची. अमझेऱ्याला जाऊन, काकू, तुमच्या हातात ठेवणार.