भाचीच्या छातीतली फुसफुस

चाकणच्या कंपनीत माझं काम कानाचं. गिअरबॉक्स तयार झाला की बेंचवर फिरवायचा, त्याला दांडी टेकवून कान लावायचा आणि पास का नापास ते सांगायचं. आवाज आला म्हणजे आत गडबड. आवाज गेला की माल ओके. सुपरवायझरनं विचारलं, "कसा वाजतोय?" की मी तोंडानं वाजवून दाखवायचो. सुपरवायझरची पाठ वळली की सुपरवायझरही वाजवून दाखवायचो.

माझी भाची जन्मली तीच हृदयात भोक घेऊन, खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला. रहाटणीला ताईकडे गेलो की मी तिच्या छातीला कान लावायचो. फुस्स, फुस्स. सायकलची ट्यूब पंक्चर झाल्यासारखं. मी तसंच वाजवलं की ती खिदळायची. दूध पिताना घामाघूम व्हायची, सारखी छाती भरायची, तरी खिदळायची.

डॉक्टर म्हणाले होते, थोडं वजन वाढू द्या. मग मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून भोकाला बटणासारखं झाकण बसवू, छाती उघडायला नको. तोवर दर सहा महिन्यांनी दाखवा. काही भोकं आपोआप बुजतात, हेही बोलता बोलता म्हणाले होते. आमच्या नेमकं तेवढंच लक्षात राहिलं.

चौथ्या वर्षी पोरगी एकदम सुधारली. सर्दी थांबली, अंग धरलं. एका रविवारी कान लावला तर फुसफुस जवळपास नाहीच. पाठीकडून लावला. तिथंही नाही.

"ताई, बुजलं गं. आवाज गेला."

"नक्की?"

"अगं दिवसभर हेच करतो मी."

दाजी सेकंड शिफ्टला निघाले होते. बूट घालता घालता म्हणाले, "तू डॉक्टरच व्हायचास राव, चुकून आमच्यात आलास." त्यावर मी डॉक्टरांची नक्कल केली. सगळे पोट धरून हसले. त्या महिन्यातली तपासणी राहिली. मग पुढचीही. मग कुणी विषयच काढला नाही.

आठव्या वर्षी जिना चढून आली तर ओठ जांभळे.

"काय गं, काला खट्टा हाणलास? मामाला सोडून?"

तिनं जीभ काढून दाखवली. तीही तशीच होती. गोळा काही तिनं खाल्ला नव्हता.

हॉस्पिटलात मांडीतून नळी घातली, ऑक्सिजन देऊन आतला दाब मोजला आणि काहीच न बसवता नळी बाहेर काढली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. इतकी वर्षं भोकातून जादा रक्त जोरात फुप्फुसांकडे गेलं, तिथल्या नळ्या जाड आणि कडक झाल्या. उजवीकडचा दाब वाढत वाढत डावीकडच्या बरोबरीला आला, म्हणून आवाज थांबला. आता भोक बंद केलं तर उजव्या कप्प्याला वाटच राहणार नाही, हृदय दमून बंद पडेल. गोळ्या देऊ. जेवढं चालेल तेवढं.

"मधे दाखवलं का नाही?"

"आम्हाला वाटलं, बरी झाली," ताई म्हणाली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

भाची पाय सरळ ठेवून पडली होती, मांडीवर पट्टी. "बसवलं बटण?" दाजी म्हणाले, "पडून राहा बाळा." तिनं ते हो असं धरलं. आम्ही धरू दिलं.

पुढच्या आठवड्यात शाळेतून फोन आला. खेळाच्या तासाला लंगडीत उतरली आणि चार उड्यांत खाली बसली. ताई आणि मी गेलो.

"ही म्हणते ऑपरेशन झालं," बाई म्हणाल्या.

"नाही झालं," ताई म्हणाली.

"मग कधी आहे?"

भाची बाकावर बसून आमच्याकडेच बघत होती.

"नाही होणार," मी म्हणालो.