कोरगावच्या पंगतीतलं पणजोबांचं पान

डिचोलीहून कोरगाव म्हणजे काही काशी नव्हे. स्कूटरवर रमतगमत गेलात तरी दीड-दोन तासांचा रस्ता. तरी आमच्या घरातून तीन पिढ्या तिकडे कुणी फिरकलं नव्हतं.

कारण माझे पणजोबा, बाबलो. कोरगावात भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, काजूबागेत राबायचे. चोरीचा आळ आला आणि पोर्तुगीज सरकारने त्यांना कैदी म्हणून जहाजातून आफ्रिकेला धाडलं. पुढे काहीच कळलं नाही. दिरांनी पणजीला लेकरासकट घराबाहेर काढलं. ती मजुरी करत डिचोलीला आली. तिचा मुलगा, माझे आजोबा, पुढे खाणीवर लागले.

बाबा आता ऐंशीचे. मी निघताना एवढंच म्हणाले, "थंय त्याचा नाव कोण काढता काय, तितला बघ." परतून 'नाही' सांगावं लागलं तर, ही धास्ती घेऊनच मी पितृपक्षात निघाले.

म्हापशाला थांबाच. पातळभाजी, पाव, चहा. साठ-सत्तर रुपयांत पोट भरतं. कोलवाळच्या पुलापुढे ट्रक जीव खातात, पण पेडण्याहून आत वळलं की नुसती भातशेती आणि काजू. देवळापाशी विचारलं, पणजोबांच्या भावांचं घर लगेच सापडलं.

नेमका त्या दिवशी त्यांच्याकडे म्हाळ होता, पितरांचं वर्षाचं जेवण. शेवंतीकाकी त्या घरची थोरली सून. मी कोण ते ऐकताच तिने हात धरून मला आत नेलं. मी शहाणी, सोबत आणलेले पेढे पितरांच्या पानांपाशी ठेवायला वाकले. म्हटलं, "हे बाबलोपणजोबांना."

"थंय नको गो!" काकीने मला अडवलं. "तो मेलो म्हणान कोणी सांगला तुका?"

त्यांचं पान जेवणाऱ्यांच्या पंगतीत होतं. रिकामा पाट, समोर गरम भात, भाज्यांचं खतखतं. मेल्याची बातमी आली नाही, म्हणून दर वर्षी जित्या माणसासारखं वाढायचं.

"सासूनय असाच वाढला, तिच्या सासूनय," काकी म्हणाली.

मी धीर करून विचारलं, "आणि पणजीला हाकललं ते?"

"हाकलल्यानी. खरा ता." तिने पदराने डोळे पुसले. "आता जेव गो."

आणि आम्ही? आम्ही इतकी वर्षं त्यांचं पान पितरांत मांडत होतो. मी त्या रिकाम्या पाटाशेजारी बसले आणि रडत रडत जेवले.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. पणजीला हाकलल्याचा माझा राग अजून गेलेला नाही, पण कोरगाव आता परकंही वाटत नाही.

दोन दिवसांनी आमचा म्हाळ झाला. पानं मांडून झाली तसे बाबा उठले. पितरांतलं एक पान त्यांनी स्वतः उचललं, आपल्या शेजारी मांडलं आणि मला म्हणाले, "भात गरम वाढ. तो लांबसून येतलो."